आधी आरसा धरा, मग भाकीत करा

डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एक वाक्य सर्रास वापरलं जातं : ‘तो कोमात आहे.’ वर्तमानपत्रं तेच छापतात, मालिका तेच दाखवतात, नातेवाईक तेच सांगतात आणि नीट समजावून सांगायला वेळ नाही म्हणून डॉक्टरही तेच म्हणतात. सहा महिने कोमात, चार वर्षं कोमात, बेचाळीस वर्षं कोमात. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. कोमा ही डोळे मिटलेली अवस्था असते आणि ती सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. तेवढ्या काळात माणूस जातो, किंवा शुद्धीवर येतो, किंवा डोळे उघडतो आणि तरीही आपल्यात येत नाही. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी मला भांडायचं आहे. त्यांच्याबद्दल आपल्या रुग्णालयांत जे निदान होतं आणि जे भाकीत केलं जातं, ते बऱ्याचदा तपासणीशिवाय केलेलं असतं, असं माझं म्हणणं आहे.

मराठीत खरं तर हा घोटाळा होण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे ‘जाग’ आणि ‘भान’ असे दोन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. जाग आली म्हणजे डोळे उघडले. भानावर आला म्हणजे समोर काय चाललंय ते त्याला कळू लागलं. गाढ झोपेतून उठवून बसवलेलं मूल जागं असतं, पण भानावर नसतं. मेंदूविज्ञान याच दोन रेषांवर या रुग्णांची मांडणी करतं. जाग राखण्याचं काम मुख्यतः ब्रेनस्टेमचं, म्हणजे मेंदूच्या देठाचं. भानासाठी मात्र मेंदूचा वरचा थर, आतला थॅलॅमस आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं शाबूत लागतं. देठ वाचला आणि वरचं जाळं तुटलं, तर माणूस सकाळी डोळे उघडतो, रात्री मिटतो, स्वतःचा श्वास स्वतः घेतो, जांभई देतो, दात खातो. त्याला जाग आहे, भान नाही. १९७२ साली ग्लासगोचे न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे न्यूरॉलॉजिस्ट फ्रेड प्लम यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये या अवस्थेला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिलं. त्या नावाने पुढे बरंच नुकसान केलं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भाजीपाला येतो आणि भाजीपाल्याची कुणी पुन्हा तपासणी करत नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी, २००२ साली, जोसेफ जियासिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका अवस्थेची व्याख्या केली : ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’. आपण तिला किमान भान म्हणू. या माणसाचं भान पूर्ण गेलेलं नसतं. ते येतं आणि जातं. कधी तो चेहऱ्यामागे नजर फिरवतो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो, कधी आईच्या आवाजाला रडतो आणि परक्याच्या आवाजाला रडत नाही. मग तासभर काहीच नाही. लांबून पाहिलं तर ही दोन्ही माणसं सारखीच दिसतात : नाकात नळी, गळ्याला ट्रॅकिओस्टॉमीचं भोक, वाकडे झालेले हात, छताला लागलेले डोळे. पण एकाला आपण त्याच्या खोलीत काय बोलतो ते कदाचित कळत असतं. दोघांच्या सुधारणेच्या शक्यताही सारख्या नसतात. म्हणून या दोघांत फरक करणं हेच निदान आहे. बाकी सगळं वर्णन.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली सतरा वर्षं पुण्यात आणि आसपास घरी जाऊन उपचार करते. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या फायलीत डिस्चार्ज कार्डवर बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात : ‘व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द, जीसीएसचा आकडा आणि ‘पूअर प्रोग्नॉसिस’. हा ‘व्हेजिटेटिव्ह’ शब्द कुणी, कधी, कोणती तपासणी करून लिहिला, हे मी दर वेळी शोधते. क्वचितच सापडतं.

जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ही १९७४ सालची मोजपट्टी. ग्रॅहम टीझडेल आणि तेच ब्रायन जेनेट यांनी ती केली. अपघातानंतरच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत माणूस बिघडतोय की सुधारतोय हे कुठल्याही नर्सला पटकन सांगता यावं, यासाठी. त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण तिच्यात डोळ्यांसाठी एकच प्रश्न आहे : डोळे उघडतात का? आपोआप उघडत असतील तर चार गुण. मग ते डोळे छताकडे रिकामे लागलेले असोत, की खोलीत शिरलेल्या बहिणीच्या मागे दारापासून खिडकीपर्यंत फिरत असोत, गुण चारच. आणि नजरेने पाठलाग करणं ही तर भान परतण्याच्या पहिल्या खुणांपैकी एक. म्हणजे जी खूण आधी उगवते ती टिपायची सोयच या मोजपट्टीत नाही. गळ्याला नळी असल्यामुळे बोलण्याचे गुण मोजता येत नाहीत, हात कडक झाल्यामुळे हालचालीचे गुण कमी पडतात. ‘ई फोर, व्ही टी, एम थ्री’ असं फायलीत महिनोन्महिने उतरत राहतं आणि त्यालाच निदान समजलं जातं.

याला पर्याय नाही, असं कुणी म्हणू नये. जियासिनो यांनीच २००४ साली सुधारून प्रसिद्ध केलेली ‘कोमा रिकव्हरी स्केल’ आज जगभर वापरली जाते. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद, जाग अशा सहा भागांत २३ गोष्टी तपासायच्या. अर्धा तास लागतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक आरसा, एक चेंडू, एक कप, एक कंगवा आणि थांबण्याची तयारी एवढं पुरतं. आरसा का? कारण माणूस इतर कशाहीपेक्षा स्वतःच्या चेहऱ्याकडे जास्त खात्रीने पाहतो. पेन किंवा टॉर्च फिरवला तर ज्यांचे डोळे हलत नाहीत, त्यांतल्या काहींचे डोळे आरशातल्या चेहऱ्यामागे फिरतात.

ही तपासणी केली तर काय फरक पडतो, हे इतरांनी मोजलेलं आहे. १९९६ साली लंडनच्या एका पुनर्वसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी व्हेजिटेटिव्ह म्हणून पाठवलेल्या ४० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतले १७ व्हेजिटेटिव्ह नव्हतेच. २००९ साली बेल्जियममध्ये, डॉक्टरांच्या एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरलेल्या ४४ जणांना कोमा रिकव्हरी स्केल लावली. १८ जणांत भानाच्या खुणा सापडल्या. मधल्या तेरा वर्षांत स्कॅनची यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण चुकीचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहिलं. आपल्याकडचं प्रमाण यापेक्षा कमी असेल असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. आपल्याकडे राउंड दोन मिनिटांचा असतो.

त्या दोन मिनिटांत काय घडतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. डॉक्टर येतात, छातीवर मुठीने चोळतात, ‘हाथ उठाओ, आँख बंद करो’ म्हणतात, पापणी वर करून टॉर्च मारतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. आता हे पाहा. रुग्ण चाळीसगावकडचा, घरात अहिराणी बोलणारा, आणि सूचना हिंदीत. ज्याचा मेंदू मोठ्या मुश्किलीने एखादा शब्द पकडू शकतो, त्याला तो शब्द आईच्या भाषेत द्यायचा की रेल्वेस्टेशनच्या? शिवाय त्याला सकाळीच फिटचं औषध दिलेलं असतं आणि त्याची गुंगी असते. कवटीला फ्रॅक्चर असेल तर एक कान गेलेला असू शकतो. ताप असतो, लघवीला संसर्ग असतो. बद्धकोष्ठाने पोट फुगलेलं असतं. सूचना मेंदूत पोचून हात हलायला दहा सेकंद लागतात आणि डॉक्टर तीन सेकंदच थांबतात. भान येणारं-जाणारं असतं, आणि राउंड त्याच्या वेळेवर नव्हे, डॉक्टरांच्या वेळेवर येतो. म्हणूनच अभ्यासक सांगतात की दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासा. एकदाच तपासलं तर दर तीन रुग्णांत एकाहून अधिकांचं निदान चुकू शकतं.

या सगळ्यात एक माणूस चोवीस तास तिथे असतो : आई, बायको, नाहीतर बहीण. ती म्हणते, ‘डॉक्टर, तो बघतो हो माझ्याकडे.’ उत्तर ठरलेलं असतं : ‘काकू, ते रिफ्लेक्स आहे. तुम्हाला तसं वाटतं.’ कधी ते रिफ्लेक्सच असतं. डोळे भटकतात, हात आवळला जातो, चेहऱ्यावर हसू उमटल्यासारखं दिसतं, आणि प्रेम करणारा माणूस त्यात अर्थ पाहतो. पण हे रिफ्लेक्स आहे की नाही, हे तपासूनच कळतं. न तपासता ‘तुम्हाला वाटतं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही ते वाटणंच असतं. फरक एवढाच की त्यांचं वाटणं फायलीत लिहिलं जातं.

सव्वीस वर्षांच्या एका मुलाच्या घरी मी गेले तेव्हा अपघाताला साडेचार महिने झाले होते. दुचाकी, हेल्मेट नाही. फायलीत व्हेजिटेटिव्ह. ‘फिजिओवर पैसे घालवू नका’ असंही सांगून झालेलं. त्याची आई म्हणत होती, ‘मॅडम, नात आली की हा मान वळवतो.’ मी दोन आठवड्यांत सहा वेळा तपासलं, वेगवेगळ्या वेळी, औषधाच्या आधी आणि नंतर. चार वेळा त्याची नजर आरशामागे डावीकडून उजवीकडे आणि परत अशी सलग फिरली. तो पुढे चालायला लागला नाही. बोललाही नाही. दीड वर्षाने तो दोन गाण्यांपैकी एक नजरेने निवडू लागला आणि दुखत असेल तर डोळे घट्ट मिटून सांगू लागला, तेही रोज नाही. एवढंच. पण या ‘एवढ्याच’मुळे त्या घरात त्याच्यासमोर त्याच्या दवाखान्याच्या बिलाची चर्चा बंद झाली, आणि खांदा हलवण्याआधी त्याला दुखण्याचं औषध मिळू लागलं. ज्याला हे किरकोळ वाटतं त्याने दोन दिवस स्वतःच्या दुखऱ्या खांद्याबद्दल काहीही न सांगता पडून राहावं.

आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खाटेकडे येऊ. अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूला रक्त आणि प्राणवायू मिळाला नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने भारतात पहिल्यांदा निष्क्रिय दयामरणाची वाट उघडली, मात्र अरुणांच्या बाबतीत ती नाकारली. हा निकाल आपण नीतीच्या अंगाने पुष्कळ चर्चिला. मी त्यातलं निदान वाचायला सांगते आहे.

न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी अहवाल दिला की त्या कोमात नाहीत, मेंदूमृत नाहीत आणि कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या बहुतेक निकषांत बसतात. न्यायालयानेही तोच शब्द वापरला. पण त्याच निकालपत्रात असंही नोंदलं आहे की आजूबाजूला माणसं आहेत हे त्यांना कळतं, आवडनिवड त्या आवाज काढून आणि हात हलवून दाखवतात, आणि आवडीचं खाणं, मासे आणि चिकन सूप, मिळालं की हसतात. ही दोन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत. माणसं आहेत हे कळत असेल आणि आवडनिवड दाखवता येत असेल, तर ते व्याख्येनेच किमान भान आहे. आणि ते हसणं, तो आवाज रिफ्लेक्स असेल, तर ‘कळतं’ हे क्रियापद तिथे असता कामा नये. यातलं कुठलं विधान खरं होतं हे मी आज सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. २०११ साली किमान भानाची व्याख्या होऊन नऊ वर्षं झाली होती. मरणाच्या अधिकाराचा या देशातला सर्वांत गाजलेला निकाल ज्या बाईच्या नावाने ओळखला जातो, तिला भान होतं की नव्हतं याचं उत्तर त्या निकालात दोन प्रकारे दिलेलं आहे, आणि त्यावर आपल्या विचारवंतांनी, माझ्या वाचनात तरी, प्रश्न विचारला नाही. आम्ही जगणं आणि मरणं यावर वाद घातला. ती बाई नेमकी कुठल्या अवस्थेत आहे, हा त्याच्या आधीचा प्रश्न केईएमच्या परिचारिकांवर सोडून दिला. त्या इतकी वर्षं तिला भरवत होत्या, पुसत होत्या, आणि त्यांचं म्हणणं ‘भावनिक’ ठरवणं सोपं होतं.

निदानानंतर येतं भाकीत. ‘हा बरा होईल का?’ हा प्रश्न आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारला जातो, कारण आयसीयूचं बिल रोज वाढत असतं. आणि त्याच दिवशी त्याचं उत्तर दिलं जातं : ‘काही उरलेलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ हे वाक्य ऐकलं की घरातले कर्ते पुरुष हिशेब मांडतात. एकर-दोन एकर जमीन, बहिणीचं लग्न, धाकट्याचं शिक्षण. मग ‘डामा’च्या कागदावर सही होते, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशी. सल्ला दिला कुणी आणि विरुद्ध गेलं कोण, हा विनोद त्या कागदावर कायमचा छापलेला असतो. माणूस घरी येतो, आठवड्यात छाती भरते, जातो. सगळे म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनच तसं झालं असेल तर? ही शंका माझी एकटीची नाही. २०११ साली कॅनडातल्या सहा ट्रॉमा केंद्रांतल्या, डोक्याला गंभीर मार लागलेल्या ७२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे गेले त्यांतल्या दर दहांपैकी सात जणांचा मृत्यू उपचार काढून घेतल्यावर झाला होता, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन दिवसांत. ज्यांचे उपचार थांबतात ते मरतात, ते मेले म्हणून आकडा वाईट दिसतो, आणि वाईट आकडा पाहून पुढच्याचे उपचार थांबतात. असं भाकीत कधीच खोटं ठरू शकत नाही, आणि जे खोटं ठरूच शकत नाही त्याला वैद्यकशास्त्र म्हणता येत नाही.

आणि ज्यांना थांबू दिलं त्यांचं काय झालं? १९९४ साली अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून तेव्हापर्यंतचे सगळे रुग्ण एकत्र मोजले. अपघातानंतर महिनाभराने व्हेजिटेटिव्ह असलेल्या प्रौढांपैकी ५२ टक्के वर्षभरात भानावर आले होते. हृदय बंद पडणं, प्राणवायू न मिळणं अशा कारणांनी त्या अवस्थेत गेलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, अपघातानंतर दोन आठवड्यांनी व्हेजिटेटिव्ह असलेल्या आणि जगलेल्यांपैकी चारांत तीन जण वर्षाच्या आत भानावर आले. त्यांतले सगळे स्वतंत्र झाले नाहीत, अनेकांना मोठं अपंगत्व राहिलं. पण ‘काही उरलेलं नाही’ हे वाक्य या आकड्यांशी जुळत नाही. म्हणूनच २०१८ साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने पुनर्वसनाच्या संस्थांसोबत मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा स्पष्ट लिहिलं : पहिल्या २८ दिवसांत ‘सुधारणा होणारच नाही’ अशा अर्थाचं विधान टाळा. ‘कायमची’ हा शब्द काढून त्यांनी ‘दीर्घकालीन’ हा शब्द घेतला, आणि तोही अपघाताच्या रुग्णाला वर्षभराने आणि इतरांना तीन महिन्यांनी. हृदय बंद पडून वाचवलेल्या रुग्णाबद्दलही किमान ७२ तास, आणि गुंगीची औषधं पूर्ण उतरेपर्यंत, निष्कर्ष काढू नये हा नियम आता सर्वमान्य आहे. आपला चौथा दिवस यात कुठे बसतो?

माझ्या या म्हणण्यावर तीन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं : ‘ओळखून उपयोग काय? उपचार तर नाहीच.’ हे पूर्ण खरं नाही. २०१२ साली १८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, अपघातानंतर ४ ते १६ आठवड्यांनी दिलेल्या अमँटाडिनने, औषध चालू असेपर्यंत, सुधारणेचा वेग वाढला. हे पार्किन्सनसाठी वापरलं जाणारं जुनं, आपल्याकडेही मिळणारं औषध आहे. चमत्कार नाही, पण काहीच नाही असंही नाही. आणि उपचार नसला तरी निदानाने वागणूक बदलते. वेदनेचं औषध, रुग्णासमोरचं बोलणं, सांधे आखडू न देणं, हे सगळं माणूस ‘आहे’ असं मानलं तरच होतं.

दुसरं उत्तर : ‘हे सगळं परदेशी यंत्रांचं काम, आपल्याला परवडत नाही.’ यंत्रांनी काय दाखवलं ते मला ठाऊक आहे. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी व्हेजिटेटिव्ह समजल्या गेलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो निरोगी माणसांचा उजळतो. २०२४ साली सहा केंद्रांच्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचं दिसलं. चारांतला एक. पण त्याच अभ्यासात, डोळ्यांदेखत सूचना पाळणाऱ्या ११२ जणांपैकी यंत्राला फक्त ४३ सापडले. म्हणजे यंत्राने ‘आहे’ म्हटलं तर ऐकावं, ‘नाही’ म्हटलं तर ते शेवटचं मानू नये. मी तालुक्याच्या गावात एमआरआय मागत नाहीये. मी आरसा मागते आहे, आणि तो प्रत्येक न्हाणीघरात टांगलेला असतो.

तिसरं उत्तर जास्त गंभीर आहे : ‘तुम्ही लोकांना खोटी आशा लावता.’ खोट्या आशेचा बाजार मी जवळून पाहिला आहे. स्टेम सेलचं इंजेक्शन घेण्यासाठी घर गहाण टाकलेली माणसं मला माहीत आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांपलीकडे, वैद्यकीय चाचणीच्या बाहेर, स्टेम सेल हा उपचार म्हणून देऊ नये असं २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगत असतानाही. अमेरिकेत टेरी शायव्हो यांच्या बाबतीत, त्या फुग्यामागे नजर फिरवताहेत असे निवडक क्षण दाखवणारी फीत देशभर फिरली, राजकारण्यांनी दुरून निदानं केली. २००५ साली त्यांच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे निम्मं भरलं. त्यांना दिसत असण्याची शक्यताच नव्हती. निवडक क्षणांवरून आशा विकणं आणि दोन मिनिटांच्या राउंडवरून आशा संपवणं ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपं आहेत. दोन्हीकडे तपासणीच नसते. वर्तमानपत्रांचाही यात वाटा आहे. आर्कान्सामधले टेरी वॉलिस १९८४च्या अपघातानंतर २००३ साली बोलले, तेव्हा ‘१९ वर्षांनी कोमातून जागा झाला’ असे मथळे आले. ते १९ वर्षं कोमात नव्हतेच. ते किमान भानाच्या अवस्थेत होते, असं नंतर तज्ज्ञांनी लिहिलं. चमत्कार म्हटलं की मग इतक्या वर्षांत नीट कुणी तपासलं का, हे विचारावं लागत नाही.

आणि प्रत्येक श्वास यंत्राने चालवत ठेवावा, असं मी म्हणत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंकडे मी गेले होते, हृदय बंद पडल्यानंतर सात महिन्यांनी. पाच वेळा तपासलं, त्यांच्या मुलीला बोलायला लावून, त्यांच्याच माहेरच्या कोकणीत. एकदाही काही सापडलं नाही. मी ते मुलीला तसंच सांगितलं. पुढे त्यांच्या डॉक्टरांनीही स्वतः पुन्हा तपासलं, आणि पुढच्या न्यूमोनियाला रुग्णालयात न नेण्याचं त्या घराने ठरवलं. मला तो निर्णय योग्य वाटला. मुलगी मला म्हणाली, ‘आता निदान आईचा गळा आपण दाबला असं नाही वाटणार.’ नीट तपासणीने आशाच वाढते असं नाही. कधी ती निरोप घ्यायला मोकळं करते.

म्हणूनच कायद्याशी माझं भांडण नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला, २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. आता प्राथमिक आणि दुय्यम अशी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं निर्णय घेतात. पण मंडळात किती डॉक्टर असावेत हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यांनी रुग्णाजवळ किती वेळ बसावं हेही आहे. सहा सह्यांनी एक तपासणी भरून निघत नाही. अधिकार वापरायचा तर तो खऱ्या निदानावर उभा हवा, नाहीतर सन्मान हा शब्द बिलाचं दुसरं नाव होऊन बसेल.

२०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. जे मेले नाहीत, त्यांतले किती डोळे उघडे ठेवून कुठल्या खोलीत पडून आहेत, याची यादी कुणाकडे नाही. त्यांच्यासाठी माझ्या मागण्या साध्या आहेत. कोमा रिकव्हरी स्केलवर, वेगवेगळ्या दिवशी, किमान पाच वेळा तपासल्याशिवाय ‘व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द फायलीत लिहू नये, आणि लिहिला तर तपासणाऱ्याचं नाव आणि तारखा शेजारी असाव्यात. सूचना रुग्णाच्या मातृभाषेत, घरच्या माणसाच्या आवाजात द्याव्यात. तपासण्याआधी गुंगीची औषधं, कान आणि ताप पाहावा. पहिल्या २८ दिवसांत ‘काही उरलेलं नाही’ हे वाक्य कुणीही उच्चारू नये. त्याऐवजी ‘आज सांगता येत नाही, अमुक तारखेला पुन्हा तपासू’ असं म्हणावं, आणि त्या तारखेला खरोखर तपासावं. घरी पाठवलेल्या रुग्णाला तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा पाहावं. जिल्हा रुग्णालयातल्या एका फिजिओथेरपिस्टला आणि दोन नर्सना ही मोजपट्टी शिकवायला फार दिवस लागत नाहीत.

तोपर्यंत, ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना माझं सांगणं आहे. तो काय करतो, किती वाजता करतो, कुणासमोर करतो, ते वहीत लिहून ठेवा. जे करत नाही तेही लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘हे रिफ्लेक्स आहे’ असं ते म्हणाले, तर शांतपणे एवढंच विचारा : ‘कसं तपासलंत?’